चौसष्ट रुमाल आणि साडेपाचची गाडी

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धुळ्याच्या देवपुरातल्या कम्प्युटर केंद्रातले बाराच्या बारा पडदे एकदम थिजले, तेव्हा लीलाधरनं टेबलाखालची पिशवी पायानं आणखी आत सारली. पिशवीत धुतलेला सदरा, दाढीचं सामान आणि पाव किलो लसूणशेव होती. शेव सुगंधासाठी होती. सुगंधा म्हणजे त्याची बायको, आणि ती होती जळगावात.

"गेलं का हो परत?" पुष्पाताईंनी विचारलं. केंद्रात टाइप करणाऱ्या बारा जणांत त्या सगळ्यांत जुन्या.

"गेलं."

"आज शनिवारच ना? मग बरोबर आहे," असं म्हणून पुष्पाताईंनी पर्समधलं विणकाम बाहेर काढलं. शनिवारी विणकाम बरोबर आणायचं हे त्यांना आता पाठ झालं होतं. एका बाहीचा स्वेटर तयार होऊन दुसरी बाही निम्मी झाली होती.

लागोपाठ सहावा शनिवार हा. सोमवार ते शुक्रवार यंत्र शहाण्यासारखं चाले. शनिवारी आठवड्याच्या याद्या छापायच्या असत, बाराही जण शेवटची गावं उरकायच्या घाईत असत, आणि चारच्या सुमाराला सगळं ठप्प होई. मग तासाभराचं टाइप केलेलं पुसलं जाई, ते पुन्हा टाइप करावं लागे, आणि लीलाधरनं धरायची साडेपाचची जळगाव गाडी त्याला न घेताच पांझरा नदीपलीकडच्या स्टँडवरून निघून जाई. तो धुळ्यात खोलीवर आणखी दोघांबरोबर राहत होता, तिथं बायकोला आणायची सोय नव्हती. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. सुगंधा जळगावच्या शाळेत शिकवत होती आणि वच्छलाबाईंच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होती. नवरा-बायकोच्या संसाराला आठवड्यातला एकच रविवार मिळाला होता, आणि तोही हे यंत्र खात होतं.

लीलाधर समोरच्या एसटीडी बूथवर गेला. वच्छलाबाईंकडे फोन लागला. सुगंधा जवळच असावी, कारण एका घंटीत तिचा आवाज आला.

"आज नाही गं जमत," लीलाधर म्हणाला.

"बरं," सुगंधा म्हणाली.

पहिल्या शनिवारी ती फोनवर रडली होती. दुसऱ्या शनिवारी भांडली होती. तिसऱ्यापासून ती नुसतं ‘बरं’ म्हणायला लागली होती, आणि लीलाधरला त्या ‘बरं’चीच सगळ्यांत जास्त धास्ती वाटत होती. पैसे देऊन तो बूथमधून बाहेर आला. मग केंद्रात जाऊन त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं.

मंगळवारी सुगंधाचं पत्र आलं. आधीच्या पत्रांत शाळेच्या गमती, वच्छलाबाईंच्या सुनेच्या तक्रारी असं पुष्कळ असे आणि खाली ‘शनिवारी या’ एवढं असे. हे पत्र आखूड होतं. शाळेच्या मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी आहे, हेडबाईंनी मला विचारलं आहे, राहायला तिथंच खोली मिळेल, पण शनिवार-रविवार बाहेर पडता येणार नाही आणि पुरुषमाणसाला आत येऊ देत नाहीत. सोमवारी उत्तर द्यायचं आहे. शनिवारी आलात तर काय सांगायचं ते समोरासमोर ठरवू. नाही आलात तर मी ‘हो’ सांगते. तसंही रविवारी एकटीनं बसून मी काय करते?

लीलाधरनं पत्र तीनदा वाचलं, खिशात ठेवलं आणि यंत्राच्या खोलीत गेला. त्या खोलीत भला मोठा कूलर होता. मार्च महिन्याच्या उन्हात धुळ्यात माणसं ओले टॉवेल डोक्यावर घेऊन फिरत होती, पण यंत्राला गारवा लागे. लीलाधर कूलरसमोर बसला आणि मनाशी म्हणाला, की आता हे का मरतं ते कळल्याशिवाय उठायचं नाही.

खरं तर ते त्याला केव्हाच कळायला हवं होतं. केंद्र भाईदासभाऊंचं. त्यांचं आधी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, मग त्यांनी शिंदखेडा तालुक्याच्या मतदार याद्या टाइप करायचं काम घेतलं. यंत्र एकच, त्याला बारा पडदे जोडलेले. यंत्राला चालवणारी प्रणाली लीलाधरनं पुण्याच्या एका मित्राकडून बावीस फ्लॉप्यांवर भरून आणली होती, अगदी तिच्या गाभ्याच्या, म्हणजे सगळ्या कामांना मेमरी वाटून देणाऱ्या भागाच्या, मूळ कोडासकट. बारा पडदे जोडणारं कार्ड मात्र इतकं स्वस्तातलं होतं, की त्याला हाताळणारा कोड कुणी लिहिलेलाच नव्हता. तो लीलाधरनं स्वतः लिहिला आणि गाभ्यात बसवला. त्याचा त्याला फार अभिमान होता. पुण्याच्या मित्राला त्यानं त्याबद्दल चार पानी पत्र लिहिलं होतं.

त्या अभिमानाच्या कोडातच घोटाळा होता, हे बुधवारी दुपारी सापडलं. पडद्यापुढे कुणी कळ दाबली की ते अक्षर ठेवायला लीलाधरचा कोड मेमरीचा एक तुकडा मागे. आठवडाभर मेमरी भरपूर असे, तुकडा लगेच मिळे. शनिवारी छपाई, याद्यांची जुळणी आणि बारा जणांची घाई एकत्र आली की मेमरी संपे आणि ‘नाही’ असं उत्तर येई. आणि लीलाधरचा कोड उत्तर ऐकतच नव्हता. मागितलं म्हणजे मिळालंच, असं धरून तो बेधडक लिहायला घेई, ते भलत्याच्याच जागेत जाई आणि यंत्र कोसळे.

लीलाधर स्वतःच्याच ओळींकडे बघत राहिला. आपल्याला कुणी ‘नाही’ म्हणेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. खिशातलं पत्र त्याला एकदम जड वाटलं.

चहा घेऊन उखर्डूनाना आले. नाना केंद्राचे शिपाई, गाव शिंदखेड्याजवळचं, बोलणं अहिराणी, वय साठीला टेकलेलं. यंत्राला ते रोज सकाळी उदबत्ती ओवाळत.

"भाऊ, सापडनं का काही?"

"सापडलं, पण उपाय नाही सापडत नाना. बाकीच्यांना मेमरी नाही मिळाली तर ते थांबतात. कुणाचं काम संपलं की त्यांना मिळते. पण कळ दाबली की तिथल्या तिथं घ्यावी लागते. माझ्या कोडाला थांबता येत नाही."

नानांनी चहाचा कप ठेवला आणि थोडा विचार केला. "म्हंजे गाडी भराई जास आन् मंग तुमनावाला जागा मांगस."

"हां, तसंच."

"मंग कोन दी त्याले जागा? मी दर पंधरा दिनम्हा शिंदखेडानी गाडीले जास. आजलोंग कोनले जागा मांगी नही. गाडी फलाटले लागनी का खिडकीम्हाईन रुमाल आत. मंग आरामम्हा पान खास. बाकीना बठ्ठा लोके उभा ऱ्हातस, मी बठीसन जास. जागा आधी धरनी पडस भाऊ."

लीलाधरचा चहा तसाच राहिला. त्यानं कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. सकाळी यंत्र सुरू होतं तेव्हा सगळी मेमरी मोकळी असते. तेव्हाच, एकही माणूस येऊन बसायच्या आत, आपण चौसष्ट तुकडे बाजूला काढून ठेवायचे. एरवी त्यांना हात लावायचा नाही. नेहमीच्या रस्त्यानं मागायचं, आणि ‘नाही’ आलं तरच राखलेल्यातला एक घ्यायचा. बारा माणसांनी कितीही वेगानं कळा बडवल्या तरी एका वेळी चाळीस-पंचेचाळीसच्या वर तुकडे लागत नाहीत, हा हिशोब त्यानं मांडला होता. चौसष्ट पुष्कळ झाले. वहीत त्यानं वर ‘रुमाल’ असं नाव घातलं आणि खाली रेघ ओढली.

शुक्रवारी चाचणी होती. त्यासाठी त्यानं गाभ्याला दर दहाव्या मागणीला मुद्दाम ‘नाही’ म्हणायला लावलं. पुष्पाताईंना हे फार आवडलं. "असंच पाहिजे. दहातून एकदा नाही म्हटल्याशिवाय कुणाला किंमत कळत नाही," असं म्हणत त्या टाइप करायला बसल्या. चाळीस मिनिटं उत्तम गेली, आणि मग सगळं थिजलं.

"नाना, चौसष्टच्या चौसष्ट संपले," लीलाधर रडकुंडीला येऊन म्हणाला.

"उतरनारा रुमाल घरे ली जाई ऱ्हायनात का काय?" नाना म्हणाले.

तेच झालं होतं. वापरून झालेला तुकडा परत ढिगात ठेवायला लीलाधर विसरला होता. त्यानं तीन ओळी वाढवल्या. आधी रिकामा झालेला तुकडा ढिगात परत, ढीग पुरा झाला की मगच बाकीच्यांना. मग यंत्र संध्याकाळपर्यंत चाललं. दर दहाव्या मागणीला नकार खाऊनही चाललं.

इथंच लीलाधर थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण ज्याचे सहा शनिवार बुडालेत त्याचा आकडेमोडीवर विश्वास राहत नाही. शनिवारी पहाटेच त्याला जाग आली आणि वाटलं, चौसष्ट पुरतील का? समजा पुष्पाताई आज चिडून जोरात टाइप करू लागल्या तर? सात वाजता तो केंद्रात हजर झाला आणि त्यानं चौसष्टचे सहाशे चाळीस केले. तेवढ्यात भाईदासभाऊ आले. त्यांना राखून ठेवायची कल्पना कुणीतरी सांगितली होती.

"चांगली युक्ती काढली भाऊ तू. मग छपाईसाठीपण थोडी ठेव ना. छापता छापता अडलं तर तालुक्याला काय तोंड दाखवू मी?"

"ठेवतो."

"आणि जुळणीला?"

"तिलाही ठेवतो," लीलाधर म्हणाला. त्या दिवशी सकाळी त्याच्याकडे कुणी काहीही राखून मागितलं असतं तरी त्यानं दिलं असतं. सव्वाअकराला नवा गाभा तयार होऊन यंत्र सुरू झालं, तेव्हा निम्म्याहून जास्त मेमरी कुणी वापरायच्या आतच राखून झाली होती.

त्याच भरात त्यानं नानांना बोलावलं. "नाना, तुम्ही चारलाच स्टँडवर जा. साडेपाचच्या जळगाव गाडीत मला जागा धरून ठेवा. आणि एका रुमालावर भरवसा ठेवू नका. कुणी उचलून टाकला तर पंचाईत. जितक्या धरता येतील तितक्या धरा."

"जितल्या म्हंजे?"

"जितक्या जमतील तितक्या."

नाना हुकमाचा माणूस. ते आपल्याजवळ काय काय आहे ते गोळा करायला गेले.

तीन वाजले. यंत्र बंद पडलं नाही. सव्वातीन झाले, तरी बंद पडलं नाही. लीलाधरच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात पुष्पाताईंनी हाक मारली.

"अहो, मी ‘पाटील’ टाइप केलं, माठावर जाऊन पाणी प्यायले, शेजारी टाइप करणाऱ्या नथ्थूच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, परत आले, तर इथं नुसतं ‘पा’ आहे."

बाराही पडद्यांवर हीच गत होती. यंत्राचा लाल दिवा एकसारखा लुकलुकत होता. आत डिस्क करकरत होती. मेमरी नाही म्हणून यंत्रातलं प्रत्येक काम आपलं सामान डिस्कवर टाकत होतं, परत आणत होतं, पुन्हा टाकत होतं.

"बंद नाही पडलं ना पण?" लीलाधर म्हणाला.

"हे त्याहून वाईट झालं रे," भाईदासभाऊ म्हणाले. "बंद पडलं की निदान माणसाला चहा तरी पिता येतो. ‘पाटील’ लिहायला दहा मिनिटं लागली तर शिंदखेडा तालुक्यात पाटील किती आहेत, माहीत आहे का तुला?"

लीलाधरनं आकडे काढून बघितले. राखलेल्या सहाशे चाळीसपैकी पन्नास तुकडेही वापरले गेले नव्हते. छपाईचा वाटा वापराविना पडून, जुळणीचाही तसाच. सगळी गाडी रुमालांनी भरलेली होती आणि माणसं पायऱ्यांना लोंबकळत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. काल संध्याकाळी बरोबर असलेलं काम त्यानं आज पहाटे निव्वळ भीतीनं बिघडवलं होतं.

"परत चौसष्टच करतो. तासभर द्या मला," तो म्हणाला.

गाभा नव्यानं बांधायला यंत्राला तासभर एकट्याला मोकळं सोडावं लागे. पावणेचारला बारा जण उठले. पुष्पाताईंचा स्वेटर पुढे सरकला. लीलाधर पडद्यावरच्या सरकणाऱ्या ओळींकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे आळीपाळीनं बघत होता. आजवर चारला बूथवर जाऊन तो ‘नाही जमत’ म्हणे आणि तिकडून ‘बरं’ येई. आज तो बूथवर गेला नाही. ‘बरं’ ऐकायची त्याची छाती नव्हती, आणि ‘येतो’ म्हणायचीही नव्हती.

चार पन्नासला यंत्र पुन्हा सुरू झालं. बारा जण बसले, छपाई लागली, जुळणी लागली. पाच वाजता मेमरी काठोकाठ भरली आणि पहिला नकार आला. लीलाधरनं श्वास रोखला. राखलेल्यातला एक तुकडा गेला. मग आठ, मग तेवीस, मग एकेचाळीस. मग हळूहळू परत यायला लागले. बाहेर तीस राहिले, बारा राहिले, पुन्हा तीस झाले. पडदे चालू होते. पाटील पटापट उमटत होते. लीलाधरचे डोळे भरून आले आणि त्याचं खापर त्यानं कूलरच्या वाऱ्यावर फोडलं.

पाच दहाला त्यानं पिशवी उचलली. भाईदासभाऊ दारात उभे होते.

"आणखी अर्धा तास बघ ना बाबा. तू गेल्यावर पडलं तर?"

"भाऊ, अर्ध्या तासानं माझं घर पडेल," लीलाधर म्हणाला. त्याचा आवाज असा निघाला की भाईदासभाऊ बाजूला झाले.

"जाऊ द्या हो त्यांना," पुष्पाताई मागून म्हणाल्या. "बंद पडलं तर आम्ही परत टाइप करू. सहा आठवडे तेच करतोय."

रिक्षा पांझरेच्या पुलावरून गेली, स्टँडच्या दाराशी थांबली, तेव्हा पाच पंचवीस झाले होते. साडेपाचची गाडी फलाटाला लागलेली होती. तिच्याभोवती पन्नास-साठ माणसं उभी होती आणि गाडीत एकही माणूस नव्हता. अशी गाडी लीलाधरनं जन्मात पाहिली नव्हती.

दारात उखर्डूनाना दोन्ही दांडे धरून उभे होते, डोक्यावर टोपी नव्हती. समोर कंडक्टर आणि स्टँडचे कंट्रोलर.

"आदेश दाखवा," कंट्रोलर म्हणत होते. "गाडी निवडणुकीच्या कामाला घेतली, तर लेखी आदेश पाहिजे. असं कसं चालेल?"

"आदेश लीलाधरभाऊना शे," नाना शांतपणे म्हणत होते. "त्या इ ऱ्हायनात."

लीलाधरनं खिडकीतून आत पाहिलं. एका बाकावर नानांचा रुमाल होता, एकावर टोपी, एकावर जेवणाचा डबा. तेवढ्यानं नानांचं समाधान झालं नव्हतं. केंद्रातून निघताना त्यांनी छपाईत वाया गेलेल्या याद्यांचे गठ्ठे रद्दीतून उचलले होते, कारण रुमाल वाऱ्यानं उडतो आणि गठ्ठा उडत नाही. आता उरलेल्या झाडून सगळ्या बाकांवर एकेक गठ्ठा होता, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘मतदार यादी’ असं छापलेलं होतं. पहिल्या चढलेल्या माणसानं ते वाचलं आणि तो खाली उतरला. त्याला उतरताना पाहून मागचे उतरले. गाडी सरकारनं घेतली, ही बातमी पाच मिनिटांत शिरपूर गाड्यांच्या फलाटापर्यंत गेली होती.

"ह्या देखा, लीलाधरभाऊ उनात," नाना म्हणाले, आणि सगळी गर्दी लीलाधरकडे वळली.

"साहेब, तुम्ही अधिकारी का?" कंट्रोलरनी विचारलं.

क्षणभर लीलाधरच्या मनात आलं, की हो म्हणावं. सबंध गाडी एकट्यानं जळगावला न्यावी. पण तो माणूस सरळ होता.

"नाही हो. मला नुसती एक जागा हवी होती," तो म्हणाला. "बायकोकडे जायचंय."

गर्दीत कुणीतरी हसलं, आणि मग जो लोंढा दारातून, खिडक्यांतून, ड्रायव्हरच्या बाजूनं आत घुसला तो थांबेचना. लीलाधर आणि नाना त्या लोंढ्यातून बाकाबाकावर जाऊन गठ्ठे गोळा करत होते, आणि उचललेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या जागी एक माणूस बसत होता. शेवटचा गठ्ठा उचलला तेव्हा बसायला जागा राहिली नव्हती.

"भाऊ, माफ करज्यात. मी तं जितल्या धरता उन्यात तितल्या धऱ्यात," नाना ओशाळून म्हणाले.

"तुमची काय चूक नाना, मीच सांगितलं तसं," लीलाधर म्हणाला. नानांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, डबा आणि रुमाल घेतला, गठ्ठे काखेत मारले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून ते खाली उतरले.

गाडी निघाली. लीलाधर दाराशी, पायरीच्या वरच, दांड्याला धरून उभा होता. शेवेची पिशवी कुणाच्या तरी गुडघ्यात दबत होती. फागणं गेलं, मुकटी गेलं. बाहेर गहू काढलेल्या वावरांवर ऊन उतरत होतं. काय बोलायचं ते तो घोळवत होता. ‘नाही सांग हेडबाईंना’ असं म्हणायचं, की आधी माफी मागायची? माफी किती शनिवारांची मागायची? तिचा चेहरा आठवायला गेला तर नीट आठवेना, आणि त्यानं तो घाबरला. फक्त तिचा आवाज येत होता, तोही एका शब्दाचा. इतकं जवळचं माणूस दोन-अडीच तासांवर असताना आपण त्याला दीड महिन्याच्या वर बघितलं नाही, हे त्याला त्या गर्दीत उभं राहून पहिल्यांदा धड कळलं. आणि मग ती इतकी हवीशी वाटली, की गाडीनं आणखी जोरात का जाऊ नये, असं त्याला झालं.

साडेसहाला गाडी वाटेतल्या पारोळ्याच्या स्टँडवर शिरली. शेजारीच जळगावहून आलेली धुळ्याची गाडी उभी होती, सुटायच्या तयारीत. लीलाधर दारातच होता, त्यामुळे त्याला समोरची खिडकी सरळ दिसली. तिसऱ्या खिडकीत, मांडीवर पर्स घेऊन, समोर बघत सुगंधा बसली होती.

"अगं!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

सुगंधानं वळून पाहिलं. आधी तिला खरंच वाटेना. मग ती उठली, दोन बायकांच्या पायांवर पाय देत दाराकडे धावली. लीलाधरनं गाडी पुरती थांबायच्या आधीच उडी मारली. दोघं दोन गाड्यांच्या मधल्या जागेत समोरासमोर आले, आणि चारचौघांत काय करायचं ते न सुचून त्यानं तिच्या हातात शेवेची पिशवी दिली.

"तू कुठं निघालीस?"

"तुमच्या केंद्रात."

"तिथं कशाला?"

"माझी सवत कशी दिसते ते बघायला," सुगंधा म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. "सहा शनिवार वाट बघितली. आज तर फोनसुद्धा आला नाही. चार वाजले, सव्वाचार झाले. मग म्हटलं, आणखी एकदा दारात उभं राहणं आपल्यानं होणार नाही. निघाले झालं. कुठं राहायचं, काय करायचं, काही ठरवलं नव्हतं."

दोन्ही कंडक्टरांनी घंटी दिली. एक गाडी जळगावला गेली, एक धुळ्याला. दोघंही बघत उभे राहिले. मग ते कँटीनच्या बाकावर जाऊन बसले आणि लीलाधरनं दोन चहा सांगितले. त्यानं तिच्याकडे नीट बघून घेतलं. ती वाळली होती, आणि तिनं नवी टिकली लावली होती.

"मी येत होतो. तेच सांगायला येत होतो. हेडबाईंना नाही सांग. तू ते वसतिगृह नको घेऊ. माझी चूक झाली सुगंधा, मी धरूनच चाललो होतो की तू आहेसच."

सुगंधानं शेवेची पुडी उघडली. शेवेचा निम्मा चुरा झाला होता. तिनं चुऱ्याची चिमूट तोंडात टाकली.

"नाही सांगितलं मी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हेडबाईंनी विचारलं त्याच दिवशी. उभ्या उभ्याच नाही म्हटलं. नंतर घरी येऊन तुम्हाला पत्र लिहिलं."

लीलाधरनं कप खाली ठेवला. तो आठवडा, ती चौसष्टची आकडेमोड, ती रिकामी गाडी, सगळं त्याच्या डोक्यात एकदम गोळा झालं.

"मग असं का लिहिलंस?"

"नुसतं ‘या’ लिहिलं असतं तर आला असतात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. लीलाधरला खोटं बोलता आलं असतं, पण सहा आठवड्यांची सहा पत्रं त्याच्या खोलीवर उशीखाली होती, आणि प्रत्येकाच्या खाली तेवढंच लिहिलेलं होतं.

"नसतो आलो," तो म्हणाला.

सुगंधानं मान हलवली. तिनं आपल्या कपातला थोडा चहा त्याच्या कपात ओतला, कारण त्याचा संपला होता, आणि बाकावर त्याच्या जवळ सरकून बसली. पारोळ्याच्या स्टँडवर कुणी ओळखीचं नव्हतं.

"यंत्र झालं का दुरुस्त?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"झालं. आता नाही पडायचं बंद."

"नक्की?"

"नक्की."

"मग पुढच्या शनिवारी काय कारण सांगाल?"

लीलाधरनं खूप विचार केला. त्याला एकही सापडलं नाही, आणि त्याचं त्याला फार बरं वाटलं.